तेवीस टरफलं

वीटभट्टी बंद पडली ती माती संपली म्हणून. दोघा भावांनी वीस वर्षं एकच जमीन उकरली. शेवटी कुदळीखाली खडक लागून ठिणग्या उडाल्या, तेव्हा धाकटा कपाळ पुसत म्हणाला, "दादा, याच्याखाली आपलं कोणी राहत नाही. चल वर."

वर आले, आणि त्या पावसाळ्यात खड्डा काठोकाठ भरला. भट्टी थंड, कामगार पांगलेले, आणि दोन भाऊ काठावर बसून पाण्याकडे बघतायत, असे दोन महिने गेले. घर एक, चूल एक, आणि खायची तोंडं चार. सिमेंटच्या विटांच्या कारखान्यातून धाकट्याला बोलावणं आलं होतं. तो म्हणाला, "जातो." थोरला म्हणाला, "थांब." का थांब, ते त्यालाही माहीत नव्हतं. पण वीस वर्षं एका पाटीचे दोन कान दोघांनी धरले होते, एका हाताने पाटी उचलत नाही एवढं त्याला कळत होतं.

थोरल्याला सगळे कुलूप म्हणत. घराला कुलूप, कोठीला कुलूप, सायकलला दोन. लवंगांच्या डबीलासुद्धा एक छोटं कुलूप. त्याची बायको, म्हणजे घरातली मोठी, म्हणायची, "सगळ्याला लावलंत, तेवढं तुमच्या तोंडालाच राहिलं." धाकट्याचं नाव फिरक्या. कोणाची फिरकी घेतल्याशिवाय त्याला अन्न पचायचं नाही, आणि सगळ्यात स्वस्त गिऱ्हाईक म्हणजे सख्खा भाऊ. त्याने एकदा कुलूपला सांगितलं होतं की भट्टीत घोड्याचे नाल टाकले तर विटा वाकत नाहीत. कुलूपने चार नाल पैदा करून टाकले. विटा वाकल्याच, वर नालही वाकले.

गोड्या पाण्यातले मासे आणि कोळंबी पाळायचा पाच दिवसांचा वर्ग निघाला, तो त्याच सुमारास. शिकवणी फुकट, चहा फुकट, अट एकच: एका तळ्यामागे एक माणूस.

"फुकट शिकवतायत म्हणजे काहीतरी काढून घेणार," कुलूप म्हणाला.

"आपल्याकडे काढून घ्यायला आहे काय? खड्डा. तो कोणी उचलून नेला तर मी खांदा देतो," फिरक्या म्हणाला.

कुलूपने रात्रभर विचार केला. धाकट्याला एकट्याला पाठवलं तर सगळी विद्या तोच दाबून ठेवणार. आपण एकटे गेलो तर मागे तो एकटा तळ्यावर. मधला मार्ग असा निघाला, की पहिला, तिसरा, पाचवा दिवस कुलूप जाणार. दुसरा, चौथा फिरक्या.

पहिल्या दिवशी कुलूप दाराजवळच्या बाकावर चपला मांडीखाली घेऊन बसला. मास्तर बारीक, घामट, बोटांना खवल्यांचा वास. तो सांगत होता, "तळं म्हणजे तीन मजली घर. वरच्या मजल्यावर कटला, मधल्या मजल्यावर रोहू, तळमजल्यावर कोळंबी. ज्याने त्याने आपापल्या मजल्यावर जेवायचं. तळाला जेवणारा दुसरा मासा आणून सोडलात, की भांडणं. पाणी तपासायचं, चुना टाकायचा, बी, म्हणजे बारीक पिल्लं, सोडण्याआधी पिशवी तळ्यात तरंगत ठेवायची. घाई करू नका."

कुलूपने हात वर केला. "मास्तर, तुम्हाला एवढं येतं, तर तुम्हीच का नाही करत?"

वर्ग हसला. मास्तरही हसला. "माझ्याकडे खड्डा नाही हो."

कुलूपने वहीत लिहिलं: खड्ड्यावर डोळा.

चौथ्या दिवशी फिरक्या वर्गातून आला तो हातपाय न धुताच सांगायला बसला. "दादा, आज मजाच. कोळंबी वाढली की तिचं कवच तिला घट्ट होतं. मग ती ते काढून टाकते. सगळं. पाय, मिशा, डोळ्यांवरचं झाकणसुद्धा. आणि नवं अंग कडक होईस्तोवर कोपऱ्यात दडून बसते. अंग लोण्यासारखं मऊ असतं ना, बाकीच्या कोळंब्यांनी बघितलं तर खाऊन टाकतात. म्हणून तळाशी दडायला जागा करून द्यायची."

"डोळ्यांवरचं झाकण काढते."

"आईशप्पथ."

"आणि मग? आरशात बघते?"

"दादा, हे खरं आहे!"

"नालही खरेच होते," कुलूप म्हणाला आणि वही मिटली. मोठी आतून हसली. धाकटी, फिरक्याची बायको, मात्र हसली नाही. ती दाराशी ताट पुसत होती, आणि पुसलेलं ताटच पुन्हा पुसत होती. ती कमी बोलायची. थोरल्या दिरासमोर तर नाहीच.

मग कामाला लागले. जुने मासे आणि बेडूक काढले, पाण्यावर चुना पेरला. चुन्याने कुलूपच्या टाचांच्या भेगा अशा पेटल्या, की तो दोन दिवस चवड्यांवर चालला. फिरक्या लोकांना सांगत फिरला, "दादा नाच शिकतोय."

बी आलं टेम्पोतून. हवा भरून फुगवलेल्या पिशव्या, काहींत कटला-रोहूची पिल्लं, बाकीच्यांत केसाएवढी कोळंबी, नीट बघितलं तरच दिसेल अशी. बीवाला म्हणाला, "पिशव्या अर्धा तास पाण्यावर राहू द्या. आतलं पाणी आणि तळ्याचं पाणी सारखं होऊ दे."

"किती आहेत म्हणालात?"

"पाच हजार."

"मोजून द्या."

बीवाल्याने कुलूपकडे बघितलं, मग फिरक्याकडे. फिरक्या आभाळाकडे बघत होता. "मोजा की," बीवाला म्हणाला.

कुलूपने पांढरी ताटली आणि चमचा मागवला. एक पिशवी सोडली. उन्हात उकिडवा बसला आणि चमच्याने काढून मोजू लागला. एकशे चाळीसला फिरक्या शेजारी येऊन बसला आणि सहज म्हणाला, "एकशे साठ?" कुलूप पुन्हा पहिल्यापासून. तोवर टेम्पोचा ड्रायव्हर, दूधवाली, दोन येणारे-जाणारे जमले. दोनशे अकराला कुलूपच्या लक्षात आलं की मोजणं सोपं होत चाललंय. ताटलीतली हलतच नव्हती. पांढरी पडली होती.

"मेलेली पटापट मोजून होतात," बीवाला म्हणाला. "बाकीची पण मारून देऊ, का जिवंत नेताय?"

दूधवाली तोंडाला पदर लावून हसली. कुलूपचे कान तापले. धाकटी पुढे आली, सोडलेल्या पिशवीचं तोंड तिने वळून दोऱ्याने बांधलं आणि गुडघाभर पाण्यात जाऊन ती पिशवी हळूच पाण्यावर ठेवली, झोपलेलं पोर ठेवावं तशी. कुलूपने ते बघितलं. हिला कोणी शिकवलं, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला, आणि आला तो राहिलाच.

आठवड्याने फिरक्याने जुनी कौलं, फुटके पाइप आणि भट्टीतल्या वाकड्या विटा तळ्यात नेऊन मांडायला सुरुवात केली. कुलूप काठावर.

"हे काय?"

"घरं. दडायला."

"कोणाला दडायला?"

"तुला सांगितलं होतं ना, कपडे काढल्यावर..."

"हं."

कुलूपच्या मनात हिशोब असा चालला: पाइप म्हणजे सापळा. कोळंबी आत जाते, दोन्ही तोंडांना हात लावून पाइप उचलला की झाली रस्सा-भाताची सोय. याला आपल्या डोळ्यांदेखत चोरीचं सामान पसरायचंय, आणि वर आपण विटा आणून द्यायच्या. फिरक्या बाजाराला गेला त्या दिवशी कंबरभर पाण्यात उतरून त्याने एकूणएक कौल, एकूणएक पाइप बाहेर काढला. अख्खी दुपार लागली. पाठ धरली. सगळं भट्टीमागे रचून वर गोणपाट टाकलं. फिरक्याला कळलंच नाही. पाणी हिरवं झालं होतं, तळ दिसत नव्हता.

दोन महिने गेले. संध्याकाळी दोरीला बांधलेल्या ताटात खाणं ठेवून ते तळाला सोडायचं, तासाने वर ओढून बघायचं: किती खाल्लं, किती उरलं. ताटात आता बोटाएवढी कोळंबी दिसायची, निळसर, काचेसारखी, लांब हातांची. फिरक्या त्यांना नावं ठेवायचा. कुलूप हसायचा नाही, पण ताट ओढायची पाळी कधी चुकवायचा नाही.

आणि मग टरफलं सापडली.

पहिलं, घराच्या बाजूच्या काठावर, गवताला अडकलेलं. आख्खं. डोकं, पाय, मिशा, आणि आत काही नाही. कुलूपने बोटाने दाबलं, कुरकुरलं. कोणीतरी कोळंबी सफाईने सोलून आतलं खाल्लं होतं. दुसऱ्या दिवशी दोन. नंतर चार. तो ती चहाच्या रिकाम्या डब्यात जमवायला लागला. डब्याला कुलूप लावता येत नव्हतं म्हणून डबा पेटीत, आणि पेटीला.

"अहो, वास मारतोय पेटीला," मोठी म्हणाली.

"पुरावा आहे."

"कसला?"

"घरातच आहे चोर."

मोठीने त्याच्याकडे नीट बघितलं. "मग मीच असेन. सकाळी चूल मी पेटवते. तपासा माझं तोंड." आणि आ करून दाखवलं. कुलूपने, खोटं कशाला बोला, क्षणभर आत बघितलंही.

ताटातलं खाणं उरायला लागलं. कोळंबी कमी होत होती हे नक्की. तेवीस टरफलं झाली तेव्हा कुलूपने संध्याकाळी तळ्याभोवती विटांची बारीक भुकटी पसरली. लाल, मऊ, सारखी केलेली. पहाटे उजाडता उजाडता जाऊन बघितलं.

पावलं होती. घराकडून आलेली, काठाशी बराच वेळ घोटाळलेली, पुन्हा घराकडे गेलेली. बारीक पावलं. उजव्या पायाची करंगळी बाहेरच्या बाजूला वळलेली. ते पाऊल तो रोज ओट्यावर, धुतलेलं, ओलं बघत होता.

न्याहारीला सगळे बसले तेव्हा त्याने डबा मधोमध उपडा केला. टरफलं ताटांच्या मधे सांडली.

"तेवीस," तो म्हणाला.

फिरक्या आधी हसला. पोट धरून. "दादा, अरे हे कपडे आहेत! मी तुला सांगितलं नव्हतं का? जमवलेस? कोळंबीचे कपडे पेटीत घड्या घालून ठेवलेस?"

"फिरकी पुरे."

"अरे फिरकी नाही..."

"कपडे काढून ती चालत काठावर येते? आणि जाताना पावलं माणसाची उमटतात?" कुलूपने बोट उचललं नाही, फक्त मान वळवली. "उजव्या पायाची करंगळी वाकडी आहे. विचार तुझ्या घरात कोणाची आहे ती."

फिरक्याचं हसू मधेच राहिलं, मोडल्यासारखं. धाकटीने पाय साडीखाली ओढून घेतले. कोणी बघितलं नाही असं नाही. सगळ्यांनी बघितलं.

"पहाटे जाते मी," ती म्हणाली. एवढंच.

"कशाला?" मोठीने हळू विचारलं.

धाकटी काही बोलणार, तेवढ्यात फिरक्या उठला. त्याच्या हाताला शीत चिकटलं होतं. "काही सांगू नकोस. ज्याने पायाचे ठसे घेतलेत त्याला जबाब द्यायचा नसतो." मग भावाकडे वळून, अगदी शांत, "दादा, मला चोर म्हटलं असतंस तर मी हसलो असतो. आजवर हसतच आलो."

दुपारपर्यंत त्यांनी गाठोडी बांधली आणि भट्टीवरच्या कामगारांच्या खोलीत बिऱ्हाड नेलं. दोन बिऱ्हाडांच्या मधे एक ओसाड भट्टी आणि एक तळं. दुसऱ्या दिवसापासून तिकडे वेगळा धूर दिसायला लागला. फिरक्याने कारखान्यात निरोप पाठवला: सोमवारपासून येतो. आणि दूधवालीने टरफलांचं प्रकरण घरोघर दुधासोबत पोहोचवलं. आडव्या रस्त्यावरच्या बायका धाकटीला विचारायला लागल्या, "काय गं, आज काय रस्सा?"

मोठी चार दिवस कुलूपशी बोलली नाही. ताट आपटून ठेवायची, त्यावरून त्याने ओळखायचं की जेवण झालंय.

आभाळ भरून आलं आणि भरूनच राहिलं. ना पाऊस ना ऊन. तीन दिवस वारा पडलेला. रविवारी पहाटे कुलूप काठावर जाऊन बसला. चोर गेला तर चोरी थांबायला हवी होती. काल पाच टरफलं सापडली होती.

उजाडलं तेव्हा त्याला काठालगत काही हललेलं दिसलं. तो वाकला. वीतभर पाण्यात एक कोळंबी कुशीवर पडली होती. तिने अंगाला पीळ दिला. डोकं आणि शेपटाच्या मधे पाठ उकलली, शिवण उसवावी तशी. मग एक झटका, दुसरा, आणि जुन्या अंगातून नवी कोळंबी मागे सरकत बाहेर आली. मिशा ओढून घेतल्या. डोळे ओढून घेतले. रिकामं अंग बाजूला उभं, जसंच्या तसं, डोळ्यांच्या झाकणासकट.

कुलूप तोंड उघडं ठेवून बघत राहिला.

नवी कोळंबी वाळूवर पडली होती, दुधासारखी, थरथरत. ती कशाच्या तरी आड जायला बघत होती. आड जायला काही नव्हतं. दोन मोठ्या कोळंब्या समोरून आल्या, लांब हात पुढे करून, सावकाश, जणू पंगतीत बसायला.

"ए! ए, हट्!" कुलूप ओरडला आणि सदरा-धोतर फेकून चड्डीवर पाण्यात शिरला. त्याने ओंजळीत ती मऊ कोळंबी उचलली. हाडच नसल्यासारखी. आणि मान वर केली तेव्हा बाकीचं दिसलं. सगळ्या काठाने कोळंबी वर आली होती. शेकड्याने. मिशा पाण्याबाहेर, एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. मधे मासे तोंडं उघडून हवा गिळत होते, पुट्, पुट्, पुट्, साऱ्या तळ्यावर. तळ्याला धाप लागली होती.

काय करायचं हे त्या दिवशी शिकवलं असेल ज्या दिवशी तो नव्हता. किंवा तो होता आणि चपलांकडे लक्ष होतं.

"काय दादा, न्याहारी?"

फिरक्या काठावर होता. मागे धाकटी, हातात बादली. रस्त्याच्या बाजूला दूधवाली आणि तिच्यासोबत आणखी तिघं-चौघं, आवाज ऐकून थांबलेले. सगळ्यांनी जे दिसलं ते बघितलं: कुलूप, चड्डीवर, पाण्यात उभा, हातात सोललेली कोळंबी, आणि शेजारी तरंगणारं ताजं टरफल.

"अगं बाई," दूधवाली म्हणाली.

कुलूपने तोंड उघडलं. सांगायला खूप होतं. पाठ कशी उकलते, डोळे कसे निघतात. आईशप्पथ. ती माणसं काठावर ओठ दाबून उभी होती, आणि ते ओठ त्याच्या ओळखीचे होते. वर्गाच्या चौथ्या दिवशी वही मिटताना त्याचेही तसेच होते.

"मीच," तो मोठ्याने म्हणाला.

"काय मीच?" फिरक्याने विचारलं.

"मीच खात होतो. पहिल्यापासून. तेवीसच्या तेवीस. कच्ची." त्याने दूधवालीकडे बघून पुन्हा सांगितलं, सगळ्या आळीला पोहोचेल असं. "चोर मी आहे. तिचं नाव कोणी घ्यायचं नाही."

कोणीतरी खिंकाळलं. दूधवालीची किटली खाली टेकली. फिरक्या काठावरून पुढे वाकला. तो नुसता भावाच्या ओंजळीकडे बघत राहिला.

"चोर असा नाहीतर साव असा," धाकटी म्हणाली, "पण उभे राहू नका."

तिने साडी खोचली आणि बादली घेऊन सरळ पाण्यात उतरली. थोरल्या दिराकडे तोंड करून ती एवढं कधी बोललीच नव्हती. "त्यांना हवा नाही मिळत. ढग असले की पहाटे असंच होतं. मी येते ती ह्याच्यासाठी येते. पाणी उडवा. असं मारू नका, वर उचलून उडवा, वारा लागू द्या त्याला. त्या बाजूने तुम्ही." मग काठाकडे बघून, "आणि तुम्ही काय खांब झालात? विहिरीवरचं इंजिन लावा, ताजं पाणी सोडा आत!"

फिरक्या पळाला.

कुलूपने ओंजळ काठाजवळच्या उथळ खळग्यात हलकेच सोडली, तिच्यावर पायातली चप्पल उपडी झाकली, आणि पाणी उडवायला लागला. दोन्ही हातांनी, खोऱ्याने माती ओढल्यासारखा. माणसं काठावरून हसत होती, कोणी त्याच्या चड्डीवर काही बोललं. खांदे भरून आले. पाणी नाकातोंडात जात होतं. पलीकडे इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं, आणि लागलं.

"अजून किती?" त्याने धापा टाकत विचारलं.

"खाली जाईपर्यंत."

"पाणी गढूळलंय. खाली गेल्या की मेल्या, कळणार कसं?"

"मला कळतं. मी सांगते ना."

कशावरून, असं कुलूपच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात धाकटीने उडवलेली अख्खी बादली त्याच्या तोंडावर आली. त्याने पाणी गिळलं, शब्दही गिळला, आणि पुन्हा हात घातले.